मे महिना, पत्र्याची खोली आणि ३६०० ला चढवलेली रॅम : निळा स्क्रीन थांबंना, मदत करा

टर्किश_टॉवेल (सोमवार, रात्री ११:५०)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज धागा काढायची वेळ आली. सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे आणि जेकार्डची (विणतानाच नक्षी उठते ती) डिझाइनं मीच करतो, युनिटच्या वर पत्र्याची खोली आहे तिथं बसून. मशीन असं आहे, आय५ १२६००के, झेड६९० चा डीडीआर४ वाला बोर्ड, रॅमच्या ८ जीबीच्या चार स्टिक. दोन पहिल्यापासूनच्या, दोन दिवाळीत घेतल्या, नाव तेच, खोकं तेच, ३२०० सीएल१६.

जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत रिकामा होतो, एक व्हिडिओ बघितला आणि रॅम ओव्हरक्लॉक केली, म्हणजे ठरल्या वेगापेक्षा जास्त, ३६०० ला चढवली, व्होल्टेज १.४५, बाकीचे टायमिंग पण त्याच व्हिडिओतले जसेच्या तसे टाकले. दोन-अडीच महिने काही म्हणजे काही त्रास नाही. एप्रिल लागला आणि निळा स्क्रीन सुरू. कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी ते आयआरक्यूएल वालं, कधी पेज फॉल्ट, रोज नवीन नाव. सकाळी येत नाही, दुपारी जेवून बसलो की तासाभरात ठरलेलं. विंडोज दोनदा टाकून झालं. एका दुकानात नेलं तर ते म्हणाले बोर्ड गेलाय, बदला. त्यांच्या एसीत अर्धा तास चालवून दाखवलं तर एकदाही बंद पडलं नाही तरी म्हणतेत बोर्ड गेलाय.

आणि खरं दुखणं पुढं आहे. मागच्या आठवड्यात एक डिझाइन लूमला दिलं, चाळीस टॉवेल निघाल्यावर दिसलं की फुलाच्या पाकळीत दोन-तीन ठिकाणी भलतेच ठिपके, प्रत्येक रिपीटमध्ये त्याच जागी. वडील दोन दिवस बोलले नाहीत. फाइल उघडून बघितली तर ठिपके फाइलमध्येच. मी काढलेलेच नाहीत ते!

---

कडक_भाकरी (मंगळवार, सकाळी ८:१५)

काय करलालास बे, ४३ डिग्रीत पत्र्याखाली बसून ओव्हरक्लॉक? आपण माणसं दुपारी बंद पडतो, रॅमचं काय घेऊन बसलास :)

मजा जाऊ दे, एक्सएमपी (रॅम खोक्यावरच्या स्पीडने चालवायची सेटिंग) बंद करून बघितलंस का?

---

विजापूर_वेस (मंगळवार, सकाळी ९:०२)

चार स्टिक आहेत म्हणून व्होल्टेज कमी पडत असणार भावा. १.५ कर. माझं दोन वर्षं चालतंय १.५ वर काही होत नाही.

---

टर्किश_टॉवेल (मंगळवार, सकाळी ९:३०)

@कडक_भाकरी नाही रे, एक्सएमपी बंद केलं तर पैसे देऊन ३२०० ची घेतली कशाला असं वाटतं ना. @विजापूर_वेस रात्री १.५ करून बघतो.

---

जुना_सोल्डर (मंगळवार, सकाळी १०:४०)

थांब, १.५ करू नकोस. आधी माझ्या तीन प्रश्नांची उत्तरं दे मग काय ते कर.

एक, रॅमचं तापमान किती येतंय? एचडब्ल्यूइन्फो नावाचं सॉफ्टवेअर उघड, स्टिकवर सेन्सर असेल तर डीआयएमएम टेम्परेचर म्हणून ओळ दिसते. दुपारचा आकडा दे, सकाळचा नको. दोन, ते ठिपके जिथं आलेत तिथं आधी कुठल्या नंबरचा रंग होता आणि आता कुठल्या नंबरचा झालाय? जेकार्डच्या बीएमपी फाइलमध्ये रंगाला नंबर असतो ना, तो. तीन, व्हिडिओतले टायमिंग म्हणतोस त्यात टीआरईएफआय नावाचं काही होतं का आणि त्यात काय आकडा टाकलास?

---

अल्बमताई (मंगळवार, दुपारी १२:२०)

मी मध्ये एक सांगते, मशीन नीट होईपर्यंत बॅकअपच्या हार्डडिस्कला हात लावू नका. मी लग्नाचे अल्बम करते, दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं. कार्डावरून फोटो कॉपी केले, कॉपी होताना काही एरर नाही, आणि चार दिवसांनी उघडले तर काही फोटो अर्धे करडे. मी शहाणीसारखे तेच फोटो आधीच्या चांगल्या बॅकअपवर चढवून बसले होते. कॉपी करताना सुद्धा सगळं रॅममधूनच जातं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. नवरीच्या आईला काय सांगायचं ते माझं मलाच माहीत.

तुमची जुनी डिझाइनं दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. आणि दोन प्रती सारख्या आहेत का बघायला विंडोजमध्येच सर्टयुटिल हॅशफाइल अशी कमांड आहे, दोन्ही प्रतींचा आकडा एकच आला पाहिजे. पण तीही चांगल्या मशीनवरच चालवा, बिघडलेल्यावर तो आकडाच चुकीचा यायचा.

---

टर्किश_टॉवेल (मंगळवार, दुपारी ३:४५)

ताई, धन्यवाद, बॅकअप डिस्क काढून कपाटात ठेवली.

काका, उत्तरं. तापमान ५८ दिसतंय आत्ता, काम करताना. पण चारपैकी दोनच स्टिकचं दिसतं, बाकी दोनवर काही दाखवतच नाही. ठिपक्याच्या जागी २ नंबरचा रंग होता तो १० झालाय. एका ठिकाणी ५ चा १३ झालाय. टीआरईएफआय होतं, ६५५३५ टाकलंय, व्हिडिओत म्हणत होते की याने फुकट स्पीड मिळतो.

---

जुना_सोल्डर (मंगळवार, रात्री ९:१०)

आता कळलं. जरा मोठं लिहितो, वाचा.

आधी रंगाचं. २ चा १० झाला, ५ चा १३ झाला. दोन्हीत फरक किती? ८. दोनाचे बिट लिहिले तर ००१०, दहाचे १०१०. पाचाचे ०१०१, तेराचे ११०१. म्हणजे दोन्ही वेळेस एकच बिट शून्याचा एक झालाय, तोच बिट, तीच जागा. हे सॉफ्टवेअरचं काम नव्हे, व्हायरसचं नव्हे, विंडोज दहा वेळा टाकलंस तरी जाणार नाही. रॅममध्ये ठेवताना काही होतं आणि वाचताना काही निघालं. तुझे चाळीस टॉवेल म्हणजे मेमरी टेस्टचा छापील रिपोर्ट आहे रे बाबा, जपून ठेव.

आता टीआरईएफआय. रॅमचा प्रत्येक सेल म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, त्यात चार्ज भरला तर एक, नाही तर शून्य. तो चार्ज सारखा गळत असतो, म्हणून प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर ठरावीक वेळाने परत भरतो, त्याला रिफ्रेश म्हणतात. ठरलेला हिशोब असा की दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक रिफ्रेश आणि ६४ मिलिसेकंदात सगळ्या ओळींवरून एकदा फिरून यायचं. चिप ८५ डिग्रीच्या वर गेली तर हे दुप्पट वेगाने करावं लागतं, कारण तापलं की गळती वाढते. तुझ्या ३६०० ला रॅमचं घड्याळ १८०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ७.८ मायक्रोसेकंदाचे साधारण १४०४० ठोके होतात. तू टाकलेस ६५५३५. म्हणजे ३६ मायक्रोसेकंदाला एक रिफ्रेश, आणि सगळ्या ओळींची फेरी ६४ च्या जागी जवळजवळ ३०० मिलिसेकंदात.

सोलापूरकराला सोपं करून सांगतो. आपल्याला पाणी काही दिवसांआड येतं, टाकी तेवढ्या हिशोबाने भरून ठेवतो. टाकीला बारीक चीर आहे, तरी पुढच्या पाळीपर्यंत पुरतं. तू काय केलंस, पाळी महिन्याला एकदा कर म्हणून सांगितलंस, म्हणजे सारखं उठून मोटर लावायचा त्रास नको. जानेवारीत चीर बारीक होती, निभावलं. मेमध्ये चीर मोठी झाली, टाकी तळाला, नळाला हवा.

एसीतल्या लोकांना टीआरईएफआय वाढवून फायदा मिळतो हे खोटं नाही, स्पीड मिळतो. त्या व्हिडिओवाल्याने कुठल्या गावात आणि कुठल्या महिन्यात टेस्ट केली ते विचारायला पाहिजे होतंस.

आता १.५ बद्दल. @विजापूर_वेस, तुमचं चालतंय तर चालू द्या, पण व्होल्टेज वाढवलं की स्टिक अजून तापते आणि याचा रोगच तापण्याचा आहे. डीडीआर४ चं मूळ व्होल्टेज १.२, बहुतेक ३२०० च्या एक्सएमपीला १.३५. हा आधीच १.४५ वर आहे, पत्र्याखाली.

---

विजापूर_वेस (मंगळवार, रात्री ९:४०)

काका माझ्या खोलीत एसी आहे हे सांगायचं राहिलं, सॉरी :)

---

पुणेकर_झालेला (मंगळवार, रात्री १०:३०)

काकांचं बरोबर, पण नुसतं टीआरईएफआयच असेल तर बिट कुठलेही उडायला पाहिजेत ना, सारखा तोच बिट का? मला एखादी स्टिक खरंच मेलेली वाटते.

दुसरं, तुझ्या प्रोसेसरच्या सॉकेटला कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले गेले की प्रोसेसर किंचित वाकडा बसतो आणि मेमरीचा अख्खा चॅनल गायब होतो, मी माझ्या मशीनवर एक रविवार घालवलाय. ३२ जीबी लावलेत, दिसतेत १६. चारी स्क्रू ढिले करून कोपऱ्यावर कोपरा असे थोडे थोडे आवळले आणि सगळं परत आलं. तुझ्याकडे पूर्ण ३२ दिसतेत का?

---

जुना_सोल्डर (मंगळवार, रात्री ११:००)

शंभर टक्के बरोबर प्रश्न. मलाही तेच खटकतंय, दोन दुखणी एकत्र असावीत असा वास येतोय. म्हणून अंदाज बास, टेस्ट करू.

@टर्किश_टॉवेल असं कर. मशीन बंद, भिंतीवरचा स्विच बंद, बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी काढून पाच मिनिटं ठेव, म्हणजे व्हिडिओतलं सगळं पुसलं जाईल. चालू केल्यावर एक्सएमपी लावू नकोस, बोर्ड आपोआप २१३३ किंवा २४००-२६६६ ला येईल, येऊ दे, लाज वाटून घेऊ नकोस. पेनड्राइव्हवर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ टाक, पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर बनव. फुकट आवृत्तीत चार फेऱ्या होतात, तेवढ्या पुरे. आधी चारी स्टिक लावून एकदा. मग प्रत्येक स्टिकवर नंबर टाकून एकेक, प्रोसेसरकडून मोजून दुसरा स्लॉट, तोच स्लॉट सगळ्यांना, म्हणजे स्लॉटचा दोष स्टिकच्या माथी बसणार नाही. एरर आली तर पत्ता आणि चुकलेला बिट दाखवतं, फोटो काढ. ज्या स्टिकला एरर येईल ती शेवटी दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून बघ, एरर स्टिकच्या मागं जाते का स्लॉटपाशी थांबते.

आणि हो, दुपारी कर. रात्री पास झालेली टेस्ट तुझ्या कामाची नाही.

---

कडक_भाकरी (बुधवार, सकाळी ७:५०)

स्टिक काढल्याच आहेत तर खोडरबर मार पिनांवर. नव्या पेठेत सगळे तेच करतेत, निम्म्या मशिनी त्यानेच चालू होतेत.

---

जुना_सोल्डर (बुधवार, सकाळी ८:२०)

निम्म्या चालू होतेत त्या खोडरबराने नव्हे, काढून परत नीट बसवल्याने. पिनांवरचा सोन्याचा थर अगदी पातळ असतो, दर सहा महिन्यांनी घासला की संपतो, आणि खोडरबराचा भुसा स्लॉटमध्ये पडतो तो वेगळाच. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते सुती नसलेल्या कापडावर घेऊन पूस, वाळू दे, मग लाव. मी पण पंधरा वर्षं खोडरबरच वापरलाय, ते कबूल.

मला याच्याकडं जास्त भीती तुसाची आहे. खाली लूम चालतंय ना?

---

टर्किश_टॉवेल (बुधवार, संध्याकाळी ७:३०)

काका तुम्ही घर बघितलंय का आमचं?? साइड पॅनल उघडलं आणि आई पण बघायला आली. कूलरच्या पंखांमध्ये कापसाच्या तुसाची गादी तयार झालीय, अक्षरशः बोटाने उचलली तर अख्खी निघाली, उशीत भरता येईल. रिकामा स्लॉट म्हणून एकही नाही तरी स्लॉटच्या कडेला, स्टिकच्या मधल्या फटीत तूस. ब्लोअरने उडवलं (पंख्याला बोट लावून धरलं होतं, तेवढं माहीत होतं). ३२ जीबी पूर्ण दिसतेत, @पुणेकर_झालेला, तेवढं बरं.

स्टिकवर नंबर टाकायला मार्कर सापडेना तर सुताच्या कोनवरचे स्टिकर लावले, १ ते ४. १ आणि २ जुन्या, ३ आणि ४ दिवाळीच्या.

बॅटरी काढली, २१३३ ला आलं. चारी लावून दुपारी एकला टेस्ट सुरू केली, तिसऱ्या फेरीत दोन एरर. डिफॉल्टला! ओव्हरक्लॉक नाही काही नाही! फोटो काढलाय, चुकलेल्या बिटाच्या ठिकाणी शून्यं आणि शेवटी ८ असं काहीतरी येतंय. तेच ८ ना काका?

---

जुना_सोल्डर (बुधवार, संध्याकाळी ७:५०)

तेच ८. आता एकेक स्टिक घे.

---

गड्ड्याचा_पाळणा (गुरुवार, दुपारी २:१०)

मधेच विचारतो, माझ्याकडे कूलर आहे, पाण्याचा, खिडकीतला. त्याच्या झोतात केस ठेवली तर चालेल का? रॅम थंड राहील.

---

कडक_भाकरी (गुरुवार, दुपारी २:२५)

सीपीयू कूलर आणि वाळ्याचा कूलर यातला फरक समजावून घे बे आधी.

---

जुना_सोल्डर (गुरुवार, रात्री ८:३०)

हसण्यावारी नेऊ नका, अशी दोन मशिनं माझ्याकडे आली होती. खोलीत लांब कूलर असला तर हरकत नाही, खोली गार होते ती बरीच. थेट झोतात मात्र बारीक तुषार येतात, आणि आपल्याकडं बोअरचं पाणी असलं की वाळल्यावर पांढरा क्षार मागं ठेवतात. एका बोर्डाच्या स्लॉटमध्ये इतका पांढरा थर होता की मला वाटलं कुणी रांगोळी सांडली.

---

टर्किश_टॉवेल (शनिवार, दुपारी ४:००)

दोन दिवस गेले, एकेक स्टिकला दोन-अडीच तास लागतेत आणि दुपारीच करायचं म्हणून दिवसाला दोनच होतेत. निकाल : १ पास, २ पास, ३ पास, ४ नंबर डिफॉल्टला नापास, दुसऱ्याच फेरीत. बिट बुधवारी आला होता तोच, ८ वाला. ४ नंबर दुसऱ्या स्लॉटला लावली तरी एरर तिच्या मागं मागं. आणि त्याच स्लॉटला १ नंबर लावली तर पास. म्हणजे बोर्ड चांगला आहे, दुकानदार १४ हजाराचा बोर्ड माझ्या गळ्यात मारत होते.

मग राहवलं नाही म्हणून तीन चांगल्यातल्या १ आणि २ घेतल्या, दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटला, आणि परत तेच ३६००, १.४५, टीआरईएफआय ६५५३५ टाकलं. नुसतं बघायला.

---

कडक_भाकरी (शनिवार, दुपारी ४:०५)

खाज बघा खाज.

---

टर्किश_टॉवेल (शनिवार, दुपारी ४:२०)

मेमटेस्टला चारी फेऱ्या पास. पण विंडोजमध्ये टेस्टमेम५ (रॅमचीच दुसरी टेस्ट) लावलं आणि शेजारी एक गेम चालू ठेवला तर चाळीस मिनिटांत एरर, आणि यावेळी बिट सगळे वेगवेगळे, ८ नाही काही नाही. हे कसं काय? एक टेस्ट पास म्हणते, एक नापास.

---

जुना_सोल्डर (शनिवार, रात्री ९:००)

खाज चांगली आहे, त्यातनंच कळतं. @पुणेकर_झालेला, तुमच्या प्रश्नाचं उत्तर याने स्वतःच दिलं बघा.

४ नंबरच्या स्टिकमध्ये एखाद्या चिपचे थोडे सेल मुळातच कमकुवत आहेत. म्हणून तोच बिट, डिफॉल्टला सुद्धा. त्याला औषध नाही, वॉरंटीत पाठव. १ आणि २ नंबरच्या स्टिक धडधाकट आहेत, पण ६५५३५ वर तापल्या की त्यांचे सेल वेळेत भरले जात नाहीत, मग जो सेल आधी दमेल तो पडतो, म्हणून बिट वेगवेगळे. एकाच ठिकाणी सारखी एरर आली तर स्टिककडे बघायचं, इकडं तिकडं विखुरलेली आली तर सेटिंगकडे, तापमानाकडे, नाही तर प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरकडे. शंभर टक्के नेम नाही, पण पहिला अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो.

आणि मेमटेस्ट पास का झाली? कारण ती पेनड्राइव्हवरनं चालते, तेव्हा ग्राफिक कार्ड निवांत बसलेलं असतं. गेम चालू केलास की कार्डाची सगळी गरम हवा वर रॅमवर येते. पेनड्राइव्हवरची टेस्ट स्टिक मेलीय का ते सांगते, पण ओव्हरक्लॉक टिकतंय का हे बघायला केस बंद करून, कार्डावर लोड टाकून, विंडोजमध्येच तापवून बघावं लागतं.

अजून एक. दिवाळीच्या दोनवर तापमान दिसत नाही म्हणालास तेव्हाच मला शंका होती. सीपीयू-झेड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एसपीडीच्या पानावर (स्टिकची माहिती असते ते) बघ, चिप बनवणारी कंपनी दोन्ही किटना वेगळी असणार.

---

टर्किश_टॉवेल (शनिवार, रात्री ९:३०)

वेगळी आहे!! जुन्याला मायक्रॉन, नव्याला हायनिक्स. आणि बाहेरनं नाव, नंबर, रंग सगळं एकच. ही फसवणूक नाही का?

---

पुणेकर_झालेला (शनिवार, रात्री १०:१५)

खोक्यावर लिहिलेला स्पीड आणि टायमिंग देतेत, आत चिप कुणाची ते लिहिलेलंच नसतं, त्यामुळे तक्रार कुठं करणार. म्हणून चार पाहिजे असल्या तर चारचं एक किट घ्यायचं, दोन अधिक दोन करायचं नाही. त्यापेक्षा १६ च्या दोन घेतलेल्या बऱ्या, कंट्रोलरवर लोड पण कमी. मी पण दोन अधिक दोनच केलं होतं, सांगायला सोपं असतं :)

---

विजापूर_वेस (शनिवार, रात्री १०:४०)

विंडोजमध्ये बॅडमेमरीलिस्ट म्हणून सोय आहे ना, तेवढा खराब पत्ता वगळायचा. वॉरंटीच्या भानगडीत कशाला पडायचं, ४ नंबर वापरत राहा की.

---

जुना_सोल्डर (रविवार, सकाळी ९:२०)

सोय आहे, खोटं नाही, विंडोजच्या बीसीडीएडिट कमांडने लावता येते. चार दिवस ढकलायला ठीक. पण आज एक पत्ता गेलाय तर शेजारचे कधी जातील सांगता येत नाही, आणि हा गेम खेळत नाही, त्याच्या फाइलवर सुताचे कोन लागतेत. शिवाय स्टिकची जागा बदलली की पत्ते बदलतेत.

वॉरंटीत पाठवताना डिफॉल्टला एरर आलेला फोटो जोड, ३६०० चा नको. किट असलं की बरेच जण दोन्ही स्टिक मागतात, त्यामुळे ३ नंबर पण पाठवायची तयारी ठेव. बिल आहे ना?

---

टर्किश_टॉवेल (रविवार, सकाळी ९:४५)

बिल आहे, दिवाळीच्या फटाक्यांच्या बिलासोबत एकाच पिशवीत निघालं. काका, एकच विचारतो, मीच १.४५ देऊन मारली का ती स्टिक? वडिलांना काय सांगू?

---

जुना_सोल्डर (रविवार, सकाळी १०:१०)

१.४५ ने तीन महिन्यांत स्टिक मरताना मी तरी बघितली नाही. बहुतेक पहिल्यापासून कमकुवत होती, थंडीत लपली. पण छातीठोक नाही सांगता येणार. घेतल्या घेतल्या डिफॉल्टला एकदा टेस्ट मारली असती तर आज तुला नक्की माहीत असतं.

---

अल्बमताई (रविवार, दुपारी १:००)

जुन्या डिझाइनांचं काय झालं, तपासलीत का?

---

टर्किश_टॉवेल (रविवार, रात्री ८:४०)

ताई, मामाच्या मुलाच्या लॅपटॉपवर सगळी बघितली. जानेवारीनंतर सेव्ह केलेल्या बासष्ट फाइली, त्यातल्या तीनमध्ये ठिपके, दोन अजून लूमला गेल्या नव्हत्या म्हणून वाचलो. कपाटातली बॅकअप डिस्क स्वच्छ निघाली, तुम्ही वेळेवर सांगितलंत.

---

टर्किश_टॉवेल (तीन आठवड्यांनंतर, शुक्रवार, रात्री १०:००)

अपडेट. ३ आणि ४ दोन्ही पाठवल्या होत्या, बदलून नवीन आल्या. आल्या त्या दिवशी दुपारी डिफॉल्टला चारी फेऱ्या मारल्या, पास. तरी मशीनला लावल्या नाहीत, १ आणि २ वरच चालवतोय, एक्सएमपी ३२००, १.३५, टीआरईएफआय ऑटो. ३४०० पण करून बघितलं होतं, खोटं कशाला बोलू, चाललं पण, डिझाइन उघडायला तेवढाच वेळ लागतो मग परत ३२०० ला आणलं. आतल्या बाजूने एक १२० चा पंखा रॅमकडं तोंड करून झिपटायने बांधलाय, दुपारचे ५८ चे ४७ झाले. पुढच्या जाळीला आतून बारीक नायलॉनची जाळी लावलीय, दर रविवारी काढून झटकतो, झटकल्यावर जे निघतं ते बघून आई म्हणती एवढं सूत तर टॉवेलात पण नसतं.

त्यात परवा पाऊस पण झाला एकदाचा, खोली गार झालीय.

---

विजापूर_वेस (शुक्रवार, रात्री १०:२०)

मग नवीन दोन विकणार आहेस का? मी घेतो. एसी आहे माझ्याकडे.

---

कडक_भाकरी (शुक्रवार, रात्री १०:२५)

ते सोड, चाळीस टॉवेलांचं काय केलंस बे?

---

टर्किश_टॉवेल (शुक्रवार, रात्री १०:४०)

घरात वापरायलोय. सहा पाहुण्यांना दिले. एक मावशी म्हणाली पाकळीतले ठिपके लई छान आलेत, हेच डिझाइन अजून पाहिजे.